विद्यापीठाच्या वाटचालीचा इतिहास कसा लिहावा : पुणे विद्यापीठाच्या उदाहरणासह

विद्यापीठाला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आली की एक समिती नेमली जाते, गौरवग्रंथ काढण्याचे ठरते आणि लेखनाची जबाबदारी बहुधा मराठीच्या किंवा इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकावर येऊन पडते. हाताशी काही वार्षिक अहवाल असतात, कुलगुरूंची यादी असते, थोडी छायाचित्रे असतात आणि छपाईची तारीख जवळ आलेली असते. अशा घाईत जे पुस्तक तयार होते त्यात इवल्याशा रोपाचा वटवृक्ष होतो, प्रत्येक दशकात भरारी घेतली जाते आणि शेवटी वाचकाला विद्यापीठाबद्दल फारसे काही कळत नाही. महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठीय विभागांच्या अशा ग्रंथांचे काम अनेकदा जवळून पाहिल्यानंतर हे मार्गदर्शन मी लिहीत आहे. उदाहरण म्हणून आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतले आहे, कारण त्याच्या वाटचालीत अशा लेखनातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र सापडतात.

लेखनाला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. विद्यापीठाची वाढ म्हणजे आकड्यांची चढती भाजणी असे गृहीत धरले की पुढचे सगळे चुकत जाते. पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र स्थापनेनंतर दोनदा कमी झाले, शेती आणि वैद्यक या विद्याशाखांची महाविद्यालये त्याच्याकडून निघून गेली, शहरातील काही नामांकित संस्था स्वतंत्र झाल्या, आणि तरीही ते विद्यापीठ मोठे होत राहिले. हे कसे घडले याचे उत्तर देता येणे हेच इतिहासलेखकाचे खरे काम आहे.

जन्मतारीख आणि त्याआधीचा काळ

पहिल्या प्रकरणात तारखांचा घोळ हमखास होतो. पुणे विद्यापीठाचा कायदा मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये केला, विद्यापीठाचा स्थापनादिन १० फेब्रुवारी १९४९ हा मानला जातो आणि गणेशखिंडीतील आजच्या वास्तूत कामकाज सुरू झाले ते १ जून १९४९ रोजी. त्याआधी विद्यापीठाचे कार्यालय भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातील निजाम अतिथिगृहात होते. या तारखांपैकी प्रत्येक तारीख कोणत्या घटनेची आहे हे वाक्यातच स्पष्ट लिहावे. ‘१९४८-४९ मध्ये विद्यापीठ सुरू झाले’ असे मोघम वाक्य एकदा छापले गेले की पुढची पन्नास वर्षे तेच उतरवून घेतले जाते.

स्थापनेपूर्वीचा काळ सहसा दोन परिच्छेदांत उरकला जातो, पण तो अधिक जागेचा हक्कदार आहे. पुण्यात उच्च शिक्षण १९४९ मध्ये अवतरले नाही. डेक्कन कॉलेज, अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८५ मध्ये सुरू झालेले फर्ग्युसन, १९१६ मध्ये स्थापन झालेले सर परशुरामभाऊ महाविद्यालय ही सारी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, त्यांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई आणि पदव्याही तेच देई. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे ही मागणी त्यातून पुढे आली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने त्यासाठी समिती नेमली. तेच जयकर पुढे पहिले कुलगुरू झाले. प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) असलेल्या बाळासाहेब खेरांनी जमिनीचा प्रश्न मार्गी लावला आणि विद्यापीठाला ४११ एकरांहून अधिक जागा मिळाली. मागणी कोणी केली, विरोध कोणत्या कारणांनी झाला, पैसे कोठून येणार होते, हे त्या काळच्या वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातील चर्चांतून शोधून काढावे. पुढे विद्यापीठाने जे केले त्याची मोजपट्टी तिथेच मिळते, कारण लोकांनी विद्यापीठ कशासाठी मागितले होते हे कळल्याशिवाय ते मागणे पुरे झाले की नाही हे सांगता येत नाही.

वास्तूबद्दल लिहिताना मात्र संयम ठेवावा. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान, जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने आखलेले आणि १८६४ ते १८७१ या काळात बांधलेले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूत झाला आणि तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. हा प्रसंग प्रत्येकाला सांगावासा वाटतो आणि तो जरूर सांगावा. ज्या घरात परकी सत्तेचा उत्सव झाला त्याच घरात स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत या मातीतल्या मुलांचे विद्यापीठ भरले, याचे मोल मोठे आहे. मात्र त्यापुढे घुमट, कमानी आणि भुयाराच्या कथा यांत पाने घालवू नयेत. तो वास्तूचा इतिहास आहे आणि आपल्याला विद्यापीठाचा लिहायचा आहे.

कार्यक्षेत्राचा नकाशा आधी, आकडे नंतर

सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा, कारण इथे चूक झाली तर उरलेला ग्रंथ कितीही सुंदर भाषेत लिहिला तरी खोटा ठरतो.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाशी १८ महाविद्यालये संलग्न होती आणि विद्यार्थी ८,००० च्या थोडे वर होते. अलीकडच्या काळात संलग्न महाविद्यालयांची संख्या ६०० च्या पलीकडे गेली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘तेहतीसपट वाढ’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण १९४९ चे विद्यापीठ १२ जिल्ह्यांचे होते आणि आजचे पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचे आहे. कार्यक्षेत्र कमी झाले असताना महाविद्यालये वाढली, याचा अर्थ प्रत्यक्ष वाढ त्या तेहतीसपटीने सुचवली जाते तिच्याहूनही दाट आहे. म्हणजे इथे आकड्यांची भाबडी तुलना विद्यापीठाचे श्रेय उलट कमीच दाखवते. दुसरीकडे, एखाद्या वर्षी विद्यार्थिसंख्या घसरलेली दिसली तर ती अधोगतीची खूण असेलच असे नाही.

म्हणून एक लांब तक्ता तयार करावा. डावीकडे वर्षे, वर कार्यक्षेत्र, संलग्न महाविद्यालये, विद्यार्थी, विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, मंजूर अध्यापकपदे, भरलेली पदे असे रकाने आणि शेवटी सर्वांत रुंद रकाना ‘काय बदलले’ याचा. पुणे विद्यापीठासाठी तो शेवटचा रकाना साधारण पुढीलप्रमाणे भरला जाईल.

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दक्षिणेकडील जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव एवढे पाच जिल्हे उरले. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाले आणि पुण्याचे जुने कृषी महाविद्यालय त्याच्याकडे गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. तोपर्यंत शालान्त परीक्षेनंतर थेट महाविद्यालयात येणारी आणि म्हणून विद्यापीठाच्या हिशेबात धरली जाणारी मुले आता अकरावी-बारावीत, म्हणजे उच्च माध्यमिक मंडळाच्या कक्षेत, मोजली जाऊ लागली. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली आणि पुढच्या काही वर्षांत पुणे, नाशिक, नगर या पट्ट्यात अशा महाविद्यालयांची रांग लागली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले आणि धुळे व जळगाव हे दोन जिल्हे गेले. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजला आणि १९९३ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेला अभिमत, म्हणजे स्वतःच पदव्या देऊ शकणाऱ्या, विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे वर्ग झाली. २०२२ मध्ये पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपले सीओईपी, स्वतंत्र विद्यापीठ झाले.

हा रकाना वाचताना लक्षात येते की सलग आलेख काढण्याजोगी संख्यामाला इथे उपलब्धच नाही. ती पाच-सहा ठिकाणी तुटलेली आहे. त्या तुटीच्या जागी आलेखावर उभी रेघ ओढावी, तिच्याखाली कारण लिहावे आणि वाढीचे प्रमाण काढायचे असेल तर दोन रेघांच्या मधल्या काळापुरतेच काढावे. संपूर्ण काळाची तुलना हवीच असेल तर आज विद्यापीठाकडे असलेल्या तीन जिल्ह्यांत १९४९ मध्ये किती महाविद्यालये होती ते जुन्या अहवालांतून मोजावे आणि त्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहावा. मेहनत थोडी जास्त पडते, पण अशी तुलना कोणीही खोडू शकत नाही.

जिल्ह्यांची नुसती संख्या लिहू नये, नावेही लिहावीत आणि ती त्या त्या काळातली लिहावीत. आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. जळगाव आणि धुळे हे पूर्व व पश्चिम खानदेश होते. नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. हीच दक्षता विद्यापीठाच्या नावाबाबतही घ्यावी. ९ ऑगस्ट २०१४ रोजी विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या शहरात १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्या शहराच्या विद्यापीठाला हे नाव मिळणे ही स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची घटना आहे, तिची मागणी, तिच्यासाठी झालेले ठराव आणि चर्चा यांसह ती लिहावी. पण १९७२ च्या पदवीदान समारंभाचे वर्णन करताना त्या वेळी छापलेल्या पत्रिकेवर जे नाव होते तेच वापरावे.

श्रेय कोणाचे?

गौरवग्रंथांतील सर्वांत मोठा दोष श्रेयाच्या उधारीचा असतो. विद्यापीठाच्या आवारात किंवा नावाखाली जे जे चांगले घडले ते सगळे एकाच खात्यात जमा केले जाते. यासाठी मजकूर तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सवय लावून घ्यावी : विद्यापीठाने स्वतःच्या विभागांतून केलेले काम, संलग्न महाविद्यालयांनी व मान्यताप्राप्त संस्थांनी केलेले काम, आणि विद्यापीठाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या स्वतंत्र संस्थांचे काम.

पुण्यात तिसरा कप्पा फार मोठा आहे. जयंत नारळीकरांनी घडवलेली आयुका ही १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र संस्था आहे; चार्ल्स कोरिया यांनी आखलेले तिचे आवार विद्यापीठाच्या जमिनीवर असले तरी तिचा कारभार वेगळा आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे असून नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय दुर्बीण तेच चालवते. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे आहे. प्रगत संगणनासाठी काढलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची सुरुवातही याच परिसरात झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक देशाला दिला. यांपैकी कोणत्याही संस्थेचे यश ‘विद्यापीठाची उपलब्धी’ या मथळ्याखाली घालणे योग्य नाही.

मग विद्यापीठाचे श्रेय काहीच नाही का? आहे, आणि ते नीट शोधले तर उसन्या श्रेयापेक्षा ते अधिक उजळ दिसते. स्वतःची मोक्याची जमीन दुसऱ्या संस्थांना देण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, त्याला विरोध झाला का, बदल्यात विद्यार्थ्यांसाठी कोणत्या सोयी मागून घेतल्या, त्या संस्थांतील शास्त्रज्ञ विद्यापीठाच्या वर्गांवर शिकवायला आले का, किती संशोधकांनी तिकडे काम करून विद्यापीठाची पीएच.डी. घेतली, याची उत्तरे व्यवस्थापन परिषदेच्या इतिवृत्तांत आणि पीएच.डी. विभागाच्या नोंदवह्यांत मिळतात. त्या उत्तरांतून विद्यापीठाने शेजार कसा घडवला हे लिहिता येते आणि ते काम खरोखरच विद्यापीठाचे असते.

पहिल्या कप्प्यातील मजकूर बहुधा सर्वांत कमी जमवला जातो, कारण विभागांचे जुने कागद कपाटांच्या मागे पडलेले असतात. पण विद्यापीठाची खरी मिळकत तिथेच असते. १९६४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून सुरू झालेले संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र किंवा १९८७ मध्ये उभे राहिलेले जैवमाहितीशास्त्र केंद्र ही दोन उदाहरणे पाहावीत. पहिल्याच्या मागे पुण्यातील प्राच्यविद्येची दीर्घ परंपरा होती. दुसऱ्या विषयाचे नावही तेव्हा देशातील बहुतेक विद्यापीठांनी ऐकले नव्हते. एकाच विद्यापीठाला ही दोन्ही टोके सांभाळता आली, हे विभागांची नामावळी छापून कळत नाही. विभाग कोणी मागितला, पहिला प्राध्यापक कोण आला, पहिल्या तुकडीत किती विद्यार्थी होते आणि पुढे ते काय झाले, अशा क्रमाने दोन-चार विभागांची गोष्ट सविस्तर सांगावी आणि बाकीच्यांची नोंद परिशिष्टात द्यावी. सगळ्या विभागांना समान पाने दिली पाहिजेत असा आग्रह समितीत धरला जाईल. तिथे लेखकाने ठाम राहावे.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही श्रेयाचा हाच प्रश्न असतो. १९४९ पूर्वी पुण्यात शिकलेल्या कोणाचीही पदवी पुणे विद्यापीठाची नाही. रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे तेथील प्राचार्य आणि १९५६ ते १९५९ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. पण त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून पदवी घेतली तीही मुंबई विद्यापीठाची. त्यांना पुण्याच्या विद्याविश्वाचे धन म्हणून अभिमानाने मिरवावे, परंतु ‘आमचे पदवीधर’ या यादीत घालू नये. शंका असेल तेव्हा पदवीचे वर्ष आणि पदवी देणारे विद्यापीठ या दोन गोष्टी तपासल्याशिवाय कोणाचेही नाव छापू नये.

माणसे

कुलगुरूंची छायाचित्रे ओळीने लावून प्रत्येकाखाली स्तुतीचा परिच्छेद लिहिणे ही रूढ पद्धत आहे. तिच्याऐवजी प्रत्येक कारकिर्दीतील एक निर्णय निवडावा आणि त्याचा परिणाम पुढे कुठवर गेला ते दाखवावे. काही नावांभोवती तो काळच उभा राहतो. गांधी-आंबेडकरांमधील पुणे करारात मध्यस्थी केलेले जयकर, इतिहासकार दत्तो वामन पोतदार, १९६६-६७ मध्ये कुलगुरू असताना नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी गेलेले धनंजयराव गाडगीळ, मुक्त विद्यापीठाची पायाभरणी करायला पुढे नाशिकला गेलेले राम ताकवले, अवकाश संशोधनातून आलेले वसंत गोवारीकर, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अरुण निगवेकर. ही परंपरा कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे. तरीही कुलगुरूंचा काळ तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि विद्यापीठ चालवणारी इतर माणसे तिथे तीस-तीस वर्षे असतात, हे लेखकाने विसरू नये.

परीक्षा विभागातील निवृत्त कक्षाधिकारी, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातील ग्रंथपाल आणि शिपाई, वसतिगृहाचे अधीक्षक, प्रयोगशाळेतील सहायक, ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून शिकलेले विद्यार्थी यांच्या मुलाखती लवकरात लवकर घ्याव्यात. प्रश्न मोजके आणि नेमके असावेत. ‘विद्यापीठाबद्दल काय वाटते’ असे विचारले तर भाषण मिळते. ‘निकाल हाताने तयार होत तेव्हा गुणपत्रकांचे काम कसे चाले, किती माणसे बसत, चूक सापडली तर काय करत’ असे विचारले तर इतिहास मिळतो. सांगणाऱ्याने दिलेले वर्ष कागदाशी ताडून पाहावे, कारण आठवणीतील घटना बहुधा खरी असते पण वर्ष दोन-चार वर्षांनी सरकलेले असते. मुलाखत छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला मजकूर दाखवावा आणि लेखी संमती घ्यावी.

क्रमवारी आणि श्रेणी

अलीकडच्या दशकांबद्दल लिहिताना नॅकची (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषदेची) श्रेणी आणि एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करते ती शिक्षणसंस्थांची क्रमवारी यांवाचून पुस्तक पुढे सरकत नाही. नॅकची स्थापना १९९४ ची. तिची मोजणीची पद्धत वेळोवेळी बदलली आहे. सुरुवातीला तारे दिले जात, पुढे अक्षरश्रेणी आली आणि नंतर त्या अक्षरांचे टप्पेही बदलले. त्यामुळे दोन वेगळ्या फेऱ्यांतील श्रेणी शेजारी ठेवून ‘प्रगती’ किंवा ‘घसरण’ असे लिहिणे धोक्याचे आहे. श्रेणीबरोबर वर्ष, गुण आणि कोणत्या पद्धतीने मोजले ते लिहावे.

एनआयआरएफमध्ये २०२३ साली पुणे विद्यापीठ देशातील विद्यापीठांत १९ व्या क्रमांकावर होते आणि २०२४ साली २३ व्या. त्याच २०२४ साली राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट प्रथमच करण्यात आला आणि त्यात पुणे विद्यापीठ तिसरे आले. उत्सवाच्या पत्रकात फक्त ‘देशात तिसरे’ एवढेच छापले जाते आणि टीकाकार फक्त २३ वा क्रमांक सांगतात. ग्रंथात दोन्ही आकडे एकाच वाक्यात यायला हवेत. शिवाय ही क्रमवारी कशावरून ठरते तेही वाचकाला सांगावे : अध्यापन व साधनसामग्री आणि संशोधन यांना प्रत्येकी ३० टक्के भार, पदवीच्या फलितांना २० टक्के, सर्वसमावेशकता व लोकमत यांना प्रत्येकी १० टक्के. अध्यापक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण पहिल्या घटकात मोडते. म्हणजे वर सांगितलेल्या तक्त्यातील ‘मंजूर पदे’ आणि ‘भरलेली पदे’ हे दोन रकाने थेट क्रमवारीशी जोडलेले आहेत. पदे रिकामी राहिली, तासिका तत्त्वावर शिकवणारे वाढले, आणि त्याचे पडसाद क्रमवारीत उमटले, हा कार्यकारणभाव कागदोपत्री दाखवता आला तर ग्रंथाला वजन येते.

अप्रिय गोष्टींचे काय?

निकालाला झालेला उशीर, फुटलेली प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांची आंदोलने, रखडलेली भरती, अधिसभेत (सिनेटमध्ये) झालेली खडाजंगी हे सारे गौरवग्रंथात घ्यावे की नाही, यावर समितीत मतभेद होतातच. माझे मत स्पष्ट आहे : घ्यावे. ज्या विद्यापीठाने लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या त्याच्या हातून चुका झाल्या यात आश्चर्य नाही, आणि त्या चुका दडवल्या तर ते विद्यापीठ सुधारले कसे हेही सांगता येत नाही. मात्र अशा मजकुराला दुप्पट आधार हवा. चौकशी समितीचा अहवाल, न्यायालयाचा निकाल किंवा अधिसभेचे इतिवृत्त यांपैकी काहीतरी हाती असेल तरच लिहावे, व्यक्तीचे नाव गरजेपुरतेच घ्यावे आणि आरोप व सिद्ध झालेली गोष्ट यांतला फरक शब्दांत ठेवावा. आंदोलनाचे वर्णन करताना विद्यार्थ्यांची मागणी काय होती हे त्यांच्याच निवेदनातून द्यावे. प्रशासनाच्या उत्तरातून ती मागणी सांगणे न्याय्य नाही.

कागद कोठे शोधावेत

वार्षिक अहवाल, अंदाजपत्रके, अधिसभा, विद्यापरिषद आणि व्यवस्थापन परिषद यांची इतिवृत्ते हा कणा आहे. १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा यांनी या मंडळांची रचना आणि अधिकार बदलले, तेव्हा एकाच नावाचे मंडळ निरनिराळ्या काळात निरनिराळे काम करताना दिसेल. प्रत्येक काळाचा कायदा शेजारी उघडून ठेवावा. दीक्षान्त भाषणे जरूर वाचावीत, पण त्यांतून त्या काळच्या अपेक्षा कळतात, वस्तुस्थिती कळत नाही. वृत्तपत्रांच्या जुन्या फाइली, शासनाचे राजपत्र आणि पुराभिलेखागारातील शिक्षण खात्याची दप्तरे यांतून दुसरी बाजू मिळते. एखादा अहवाल कार्यालयात सापडत नसेल तर संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विचारावे. विद्यापीठाने पाठवलेल्या प्रती तिथे बांधून ठेवलेल्या असतात आणि कित्येकदा त्याच शेवटच्या उरलेल्या असतात.

प्रत्यक्ष लेखन

वाक्य लिहिताना एकच कसोटी लावावी : हेच वाक्य दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाबद्दल लिहिता आले असते का? आले असते तर ते काढून टाकावे. ‘या कालखंडात विद्यापीठाने गुणवत्तेच्या क्षेत्रात उत्तुंग भरारी घेतली’ हे वाक्य कोल्हापूर, नागपूर, गोवा कुठेही चालते. त्याच्या जागी पुढीलसारखा मजकूर हवा : ‘१९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुणे विद्यापीठाकडे पाच जिल्हे उरले. महाविद्यालये गेल्यामुळे संलग्नीकरण आणि परीक्षा यांतून येणारे उत्पन्न घटणार हे उघड होते. त्यानंतर दोनच वर्षांनी संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र सुरू झाले.’ या तीन वाक्यांत स्तुतीचे एकही विशेषण नाही, पण वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो की विद्यापीठाने या टप्प्यावर परीक्षा घेणारी संस्था राहायचे की संशोधन करणारी व्हायचे, याचा विचार केला होता का; आणि त्याचे उत्तर पुढच्या परिच्छेदात इतिवृत्तांच्या आधारे देता येते.

प्रकरणे दशकांप्रमाणे पाडू नयेत. दहा वर्षांनी शाळेची इयत्ता बदलावी तसे विद्यापीठ बदलत नाही. पुणे विद्यापीठासाठी १९४९ ते १९६२, तेथून विनाअनुदान धोरणापर्यंत, तेथून आरोग्य विज्ञान विद्यापीठापर्यंत आणि त्यानंतरचा काळ अशी विभागणी घटनांना धरून होते. प्रत्येक खंडाच्या आरंभी त्या वेळच्या कार्यक्षेत्राचा नकाशा छापावा. छायाचित्राखाली तारीख, प्रसंग आणि ओळखता येतील तेवढ्या सगळ्यांची नावे द्यावीत, मागच्या रांगेतील कर्मचाऱ्यांचीसुद्धा.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते दोघांना वाचायला द्यावे : विद्यापीठात पस्तीस वर्षे काढलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला आणि विद्यापीठाशी कसलाही संबंध नसलेल्या एका चोखंदळ वाचकाला. पहिला तारखा आणि नावे दुरुस्त करील, दुसरा कंटाळवाणी पाने दाखवून देईल. छपाईनंतर तक्ते, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, मिळवलेल्या कागदांच्या प्रती आणि काढून टाकलेली प्रकरणेसुद्धा नीट क्रमांक घालून, सूची करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावीत आणि त्याची पोच घ्यावी, म्हणजे शताब्दीच्या ग्रंथाचे काम ज्याच्याकडे येईल त्याला ते पहिल्या दिवसापासून वापरता येतील.